ओसरीवरून : शिष्य परदेशीं, गुरु घरीं

गेल्या श्रावणांत आमच्या औरंगपुऱ्यांतील घरीं एक सभा भरली. सभेस अध्यक्ष नव्हता, लेखी ठराव नव्हता. चहा मात्र तीनदां झाला. विषय होता आमच्या चौदा वर्षांच्या नातवाचा. चिरंजीव गेलीं चार वर्षें गारखेड्याच्या क्रीडा संकुलांत टेनिस खेळतात. परदेशांतील एका टेनिस-शाळेचें पत्र कोणा मध्यस्थामार्फत घरीं आलें होतें. मुलानें सहा आठवडे तेथें येऊन राहावें, तेथील नामांकित गुरूंच्या हाताखालीं शिकावें, निरनिराळ्या देशांच्या मुलांशीं खेळावें, असें त्यांत लिहिलें होतें. भाषा मधुर होती, चित्रें रंगीत होतीं, आणि शेवटच्या पानावर जी रक्कम होती ती आमच्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती.

रक्कम अगदींच अशक्य होती असें नाहीं. गंगापूरकडील शेताचा तुकडा विकून आलेले पैसे बँकेंत ठेवीच्या रूपानें आहेत. ते कोणा एकाचे नसून घराचे आहेत, म्हणूनच सभा भरवावी लागली. आमचे थोरले बंधु म्हणाले, "अरे, समुद्र ओलांडल्याबद्दल आतां प्रायश्चित्त घ्यावें लागत नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण समुद्र ओलांडून गेलेला पैसा परत येत नाहीं, त्याचें काय?" सूनबाईंना नववीच्या परीक्षेची चिंता. चिरंजिवांचे तीर्थरूप, म्हणजे आमचे चिरंजीव, उत्साहानें भरलेले. त्यांच्या मतें अशी संधि दारीं आली असतां हिशेब करीत बसणें हें मराठी माणसाचें जुनें दुखणें होय. आम्हीं जन्मभर मास्तरकी केलेली. निकाल देण्यापूर्वीं दोन दिवस पोथ्या चाळाव्या ही खोड अद्याप सुटलेली नाहीं. तेव्हां दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां असें पत्र येईल. टेनिस नसेल तर बुद्धिबळ असेल, तबला असेल, गणित असेल. म्हणून त्या दोन दिवसांत व पुढील दोन महिन्यांत आम्ही जें शिकलों, तें येथें सांगतों.

खेळाडूनें परदेशीं जाऊन शिकावें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तांबड्या मातीच्या हौद्यांत वाढलेला हा मल्ल. तेथें कुस्ती गादीवर आणि नियम परके. अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनीं त्यांस त्या रीतीची तालीम दिली, आणि पहिल्याच खेपेस त्यांचा सहावा क्रमांक लागला. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा आमच्या पिढीच्या शिक्षकांना तोंडपाठ आहे. आम्हीही ती वर्गांत कितीदां तरी सांगितली. स्वतःच्या घरच्या ठेवीचा प्रश्न आला तेव्हां मात्र आमचा आवाज थोडा खालीं आला, हें कबूल करितों.

टेनिसपुरतें पाहावयाचें तर याहून जवळचें उदाहरण सांपडलें, आणि तें आमच्याच कपाटांत होतें. शंकर पांडुरंग पंडित हें नांव संस्कृत शिकलेल्यांस नवें नाहीं. मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ त्यांनीं संपादिलें. सायणभाष्यासह अथर्ववेद संपादण्याचें प्रचंड काम त्यांचें. तुकोबांच्या गाथेची सरकारी साहाय्यानें निघालेली आवृत्तिही त्यांच्याच देखरेखीखालीं सिद्ध झाली. १८९४ सालीं ते वारले तेव्हां त्यांची कन्या क्षमा अवघी तीन-चार वर्षांची होती. हीच कन्या पुढें पंडिता क्षमा राव म्हणून प्रसिद्धीस आली. तिनें सत्याग्रहाच्या चळवळीवर संस्कृतांत काव्य रचिलें आणि तें १९३२ सालीं पॅरिसांत छापलें गेलें. पतीबरोबर तिनें युरोप पाहिला, आणि विशेष हें कीं, ही बाई स्वतः टेनिस खेळत असे. तिची मुलगी लीला राव. १९३४ सालीं विंबल्डनच्या हिरवळीवर पहिल्या फेरींतील सामना लीलाबाईंनीं जिंकला. त्या स्पर्धेंत एकेरी सामना जिंकणारी ती पहिली हिंदी स्त्री. दुसऱ्या फेरींत ती हरली. पुढें आईच्या कथांवरून तिनें संस्कृत नाटकेंही लिहिलीं.

आजोबा वेदांचे संपादक, आई संस्कृत कवयित्री, नात विंबल्डनवर! विद्या आणि खेळ यांचें वैर आहे अशी जी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिला या एका कुळाचें उत्तर पुरेसें आहे. ही हकीकत आम्हीं दुसऱ्या दिवशीं ओसरीवर मोठ्या ऐटीनें सांगितली. सर्वांनीं माना डोलाविल्या. त्यावेळीं आमच्या थोरल्या बंधूंची नात, वय वर्षें बारा, उंबऱ्याशीं बसून बुटांच्या नाड्या सोडीत होती. तीही त्याच संकुलांतून नुकतीच परत आली होती. तिच्याकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. तें कां गेलें नाहीं, हें पुढें येईल.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्वतः संकुलांत गेलों. मुलांचे शिक्षक तिशीच्या आंतले गृहस्थ. लहानपणीं दुसऱ्यांचे चेंडू वेंचून देतां देतां खेळ शिकलेले. आम्हीं पत्र त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें शेवटपर्यंत वाचलें आणि एकच प्रश्न विचारला : "सर, यांनीं आपल्या मुलाचा खेळ पाहिला आहे का?"

आम्ही निरुत्तर झालों. पत्रांत मुलाचें नांव होतें, वय होतें. त्याच्या खेळाविषयीं एक अक्षर नव्हतें. शाळेंत प्रवेश देतांना आम्हीसुद्धां पोरास चार ओळी वाचावयास लावीत असूं.

मग ते शांतपणें सांगूं लागले. मुलाचा फटका चांगला आहे, पण पाय मागें राहतात. आपल्याकडे मैदान टणक. चेंडू आपटून भर्रकन येतो, आणि दोन-चार फटक्यांत निकाल लागतो. युरोपांत विटकरी मातीचीं मैदानें. तेथें चेंडू मंदावतो, उंच उसळतो, आणि एकेक गुण मिळविण्यासाठीं वीस-वीस वेळां चेंडू परतवावा लागतो. तेथें धीर शिकतां येतो, पाय शिकतात. म्हणून निरनिराळ्या भूमीवर खेळणें आवश्यक आहे, याविषयीं त्यांचें दुमत नव्हतें. "पण सर," ते म्हणाले, "तेथील गुरु सहा आठवड्यांत त्याची रॅकेट धरण्याची मूठ बदलतील. बदलावयास हवीच असेल कदाचित्. तो परत येईल तो माझ्याकडे. ती नवी मूठ टिकवायची कशी, हें मला ठाऊक नसेल. मग तो ना तिकडचा राहील, ना इकडचा."

मनुष्य आपल्या अज्ञानाची कबुली इतक्या सरळपणें देतो तेव्हां त्याच्या ज्ञानावर आमचा विश्वास बसतो. आम्हीं विचारलें, "तुम्हांस तें शिकतां येणार नाहीं काय?" तेव्हां कळलें कीं, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानें शिक्षकांसाठीं पायरी-पायरीनें चढावयाचे अभ्यासक्रम आंखले असून अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या विद्यमानें ते आपल्या देशांतही होतात. पहिल्या पायरीसाठीं जाण्याचा बेत त्यांनीं दोनदां केला व दोनदां रद्द केला. कारण शुल्क, प्रवास आणि राहणें हा खर्च तर होताच. शिवाय जितके दिवस वर्ग बंद, तितके दिवस मिळकत बंद.

निघतांना ते थोडे घुटमळले. म्हणाले, "रागावणार नसाल तर एक बोलूं? आपल्या घरची धाकटी मुलगी आहे ना, तिची चेंडू हेरण्याची नजर दादापेक्षां चांगली आहे. पण ती आठवड्यांतून दोनच दिवस येते. घरीं बहुधा कोणी विचारीत नसावें."

परत येतांना रिक्षांत आम्ही एक शब्द बोललों नाहीं. मुलींच्या शिक्षणावर आम्हीं उभ्या जन्मांत किती व्याख्यानें दिलीं याची मोजदाद नाहीं. आदल्याच दिवशीं लीला रावांची कथा रंगवून सांगितली होती, आणि ती सांगत असतां उंबऱ्यावर बसलेली आमची नात आम्हांस दिसली नव्हती. दोन दिवस घरांत सभा चालली. तींत तिचें नांव एकाही तोंडून निघालें नाहीं, आमच्याही नाहीं. दोष कोणाला देणार?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. देवाणघेवाण हा शब्द अलीकडे फार ऐकूं येतो. परंतु पैसे देऊन कांहीं विकत घेणें वेगळें आणि देवाणघेवाण वेगळी. देवाणघेवाणींत दोन्ही बाजूंनीं कांहीं द्यावें लागतें, कांहीं घ्यावें लागतें, आणि घेतलेलें परत आल्यावर टिकावें लागतें. महासंघाची स्थापना १९१३ सालीं पॅरिसांत झाली. जगांतील चार मोठ्या स्पर्धांच्या पैशांतून १९८६ पासून एक विकासनिधि चालत आला आहे. त्यांतून होतकरू मुलांचीं पथकें शिक्षकासह देशोदेशीं स्पर्धांस नेण्यांत येतात. यांतील ‘शिक्षकासह’ हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा. आपल्याच देशांत १९८५ सालीं मद्रासेस अमृतराज बंधूंनीं एक प्रशिक्षणयोजना काढली आणि डेव्ह ओमेरा नांवाचे परदेशी शिक्षक तेथें आणले. मुलांना तिकडे पाठविण्याऐवजीं गुरूला इकडे आणलें. तेथें शिकलेला लिअँडर पेस १९९० सालीं विंबल्डनला मुलांच्या स्पर्धेंत विजयी झाला व १९९६ सालीं अटलांटास त्यानें ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. खाशाबांच्या पदकानंतर चव्वेचाळीस वर्षांनीं आलेलें तें वैयक्तिक पदक.

परदेशगमन व्यर्थ आहे, असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याचा मानस धामणे इटलींतील रिकार्डो पियाट्टी यांच्या केंद्रांत शिकला, आणि २०२३ सालीं वयाच्या पंधराव्या वर्षीं बालेवाडीच्या मोठ्या स्पर्धेंत थोरांच्या मुख्य फेरींत उतरला. हरला, परंतु मोठ्यांसमोर उभा राहिला. ऋतुजा भोसले ही श्रीरामपूरची. ती अमेरिकेंत टेक्सास ए अँड एम विद्यापीठांत शिकत शिकत खेळली आणि २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाच्या जोडीनें मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक घेऊन आली. तेथील विद्यापीठें चांगल्या खेळाडूंस शिष्यवृत्ति देतात. पदवीही मिळते, खेळही चालतो. आमच्या सूनबाईंच्या नववीच्या चिंतेस हें अर्धेंअधिक उत्तर आहे. परंतु या दोघांचाही खेळ आधीं घरीं पक्का झाला, कोणी तरी तो पाहिला, पारखला, आणि मग तीं बाहेर गेलीं.

येथें पुन्हां ‘मालविकाग्निमित्र’ आठवतें. त्यांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाचा वाद लागतो, आणि त्याचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या नृत्यावरून नव्हे, तर त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करावयाचें ठरतें. गुरूची परीक्षा शिष्यांत होते, हें कालिदासास ठाऊक होतें. आम्हीं त्यास आमच्या अनुभवाची एक पुस्ती जोडतों : ज्या शिष्याची परीक्षा घ्यावयाची, त्याच्या गुरूला शिकण्याची सोय आधीं करून द्यावी. एक मुलगा परदेशीं जाऊन आला तर एकच मुलगा शिकतो. एक शिक्षक शिकून आला तर त्याच्या हाताखालचीं चाळीस मुलें शिकतात, आणि पुढल्या वर्षीं आणखी नवीं येतात.

दुसरी सभा भरली. आम्हीं सर्व सांगितलें. धाकटीविषयीं शिक्षक जें बोलले तेंही, आणि आपण विसरलों तेंही. थोरले बंधु बराच वेळ अडकित्ता हातांत धरून बसले. नात त्यांची होती. शेवटीं आमच्या सौभाग्यवती आंतून म्हणाल्या, "परदेशांतून पेटलेला दिवा आणायला निघालां आहां, घरच्या समईंत तेल आहे का तें कोणी पाहिलें?" सभा तेथेंच संपली. ठरलें तें असें : ठेव मोडावयाची नाहीं. शिक्षकांच्या अभ्यासक्रमाचा खर्च आमच्यासह चार घरांनीं वांटून घ्यावयाचा, आणि बुडणाऱ्या दिवसांचें शुल्क मुलांच्या पालकांनीं नेहमीप्रमाणें द्यावयाचें. धाकटीनें दादाच्या बरोबरीनें रोज जावयाचें. नातवानें राज्यांतील व देशांतील स्पर्धा खेळाव्या. दोन वर्षांनीं शिक्षक म्हणतील तर ठेव त्याच्यासाठीं, अथवा तिच्यासाठीं, अथवा दोघांसाठीं मोडावयाची.

सर्वांचें समाधान झालें असें लिहिलें तर तें खोटें होईल. नातू दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं झोपाळ्यावर आमच्या शेजारीं येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, पण सर शिकेपर्यंत मी मोठा होऊन जाईन त्याचें काय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मुलाचें वय कोणाच्या ठरावासाठीं थांबत नाहीं. आम्हीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, तुझ्यावर अन्याय झाला असेल तर तो सर्वांनीं मिळून केलेला आहे, आणि त्याचा हिशेब दोन वर्षांनीं तूं आमच्याकडून मागून घे.

दसऱ्याच्या सुमारास शिक्षक अभ्यासक्रम पुरा करून आले. आम्ही पुन्हां संकुलांत गेलों तों मैदानाचें रूप पालटलेलें. एका पूर्ण मैदानावर आडव्या रेघा ओढून चार छोटीं मैदानें केलेलीं, जाळें खालीं उतरविलेलें, आणि सहा-सात वर्षांचीं पोरें तांबड्या चेंडूंनीं खेळत होतीं. हे चेंडू नेहमींच्या पिंवळ्या चेंडूपेक्षां सुमारें पाऊणपट मंद असतात. त्याच्या वरचे नारिंगी अर्ध्यानें मंद, आणि त्याहून वरचे हिरव्या ठिपक्याचे पावपट मंद. महासंघानें २०१२ पासून असा नियमच केला आहे कीं, दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमींचा चेंडू वापरूं नये. आम्हांस हें फार पटलें. मोठ्यांचा चेंडू लहान मुलाच्या डोक्यावरून जातो, म्हणून तें वेडावांकडा हात फिरवून कसा तरी तो परतवितें, आणि ती खोड जन्मभर राहते. आम्ही नाहीं का पहिलींतल्या पोरास ओळी आंखलेली पाटी देत? प्रौढाच्या हातची लेखणी त्याच्या बोटांत कोंबून ‘अक्षर कां वांकडें?’ म्हणून छडी मारण्यासारखाच तो प्रकार.

आमच्या नातवास त्यांनीं दुसरीच गोष्ट लावली आहे. समोरचा खेळाडू चेंडू मारणार त्या क्षणीं जागच्या जागीं लहानशी उडी घ्यावयाची, म्हणजे दोन्ही पाय मोकळे राहतात व कोणत्याही बाजूस धांवतां येतें. दिसावयास क्षुल्लक, पण तो सबंध सामना असें करूं लागला आहे, आणि त्याचे मागें राहणारे पाय थोडे पुढें आले आहेत, असें शिक्षक म्हणतात. तो मात्र अद्याप आमच्यासमोर तसें म्हणत नाहीं. धाकटी रोज जाते. गेल्या रविवारीं तिनें दादाकडून सहा गेम्सच्या डावांत तीन घेतले. घरीं येऊन तिनें तें कोणास सांगितलें नाहीं. दादानेंच सांगितलें, आणि तें सांगतांना त्याचा चेहरा पडलेला नव्हता. या सबंध प्रकरणांत आम्हांस सर्वांत अधिक संतोष जर कशाचा झाला असेल, तर तो याचा.

तेव्हां वाचकहो, अशा तऱ्हेचें पत्र आपल्या ओसरीवर आलें, तर तें फेंकून देऊं नका आणि डोळे मिटून स्वीकारूंही नका. त्यांनीं आपल्या मुलाचें काम पाहिलें आहे काय, हें आधीं विचारा. परत आल्यावर तें पुढें चालविणारा कोणी येथें आहे काय, हें पाहा. आणि नसेल तर आधीं त्याला तयार करा. मुलाच्या शिक्षकास एकदां तरी स्वतः जाऊन भेटा, कारण तो जें सांगतो तें रंगीत कागदावर छापलेलें नसतें. आणि हें सर्व झाल्यावर, निर्णय देण्यापूर्वीं, एकवार उंबऱ्याकडे नजर टाका. तेथें बुटांच्या नाड्या सोडीत आणखी कोणी बसलेलें असेल.